आत्याबाईंना जवळजवळ चालत नाही

या, चपला तिथेच काढा आणि थेट गॅलरीत चला. डोकं तेवढं सांभाळा, कपड्यांची दांडी खाली आहे. दांडीपलीकडे भिंतीला पाठ लावून ज्या उभ्या आहेत त्या आत्याबाई. बाटलीहिरवा रंग, जागोजागी उडालेले टवके, अंगठ्याहून जेमतेम जाड नळ्या आणि सांध्यासांध्याला पितळेनं जोडलेल्या पोलादी बाह्या. आज अंगावर चाकं, हँडल, गिअर असा सगळा साज आहे म्हणून तुम्हाला त्या सायकल वाटतील. बोरीवलीत, शिंपोलीच्या या चौथ्या मजल्यावर आल्या तेव्हा नुसती फ्रेम आणि फोर्क होत्या. आल्यागेल्यानं विचारायचंच, "बाकीची सायकल कुठाय?" हा प्रश्न त्यांना अजिबात आवडत नसे. त्यांच्या हिशेबानं त्या तेव्हाही पुऱ्याच होत्या. बाकीचे यायचे राहिले होते.

घरातल्या मुलाला आपण भाचेबुवा म्हणू. मालाडला संगणकासमोर नोकरी, रविवारी पहाटे सायकल. त्याच्या वडिलांचे एक स्नेही जहाजावर होते. त्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आत्याबाईंना विलायतेहून आणलं. पुढे चाकं एकाला गेली, गिअर दुसऱ्याला गेले आणि फ्रेम माळ्यावर गेली. इमारत पुनर्विकासाला निघाली तेव्हा जुन्या पातेल्यांबरोबर त्या खाली उतरल्या. बोरीवलीत गेल्या काही वर्षांत असे किती माळे रिकामे झाले असतील, आणि किती ऐवज भंगारात गेला असेल! आत्याबाईंनाही भंगारवाल्यानं काट्यावर चढवलं होतं. भरल्या दोन किलोच्या आसपास. लोखंडाच्या भावानं त्याचे काय येणार? वाचल्या त्या केवळ सडपातळ बांध्यामुळे.

कुळाचा अभिमान मात्र भारी. बनवणाऱ्याचं नाव केव्हाच खरवडून गेलंय, पण सीटच्या नळीवर एक फिकट चिकटपट्टी अजून आहे: रेनॉल्ड्स ५३१. म्हणजे सासरचं नाव पुसलं, माहेरचं राहिलं. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सनं १९३५ साली बाजारात आणलेली ही मँगनीज-मॉलिब्डेनमची पोलादी नळी. टोकांना, जिथे जोड येतो तिथे जाड, आणि मध्ये, जिथे काम कमी तिथे पातळ. टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या कितीतरी सायकली याच नळ्यांच्या होत्या, हे आत्याबाई सांगत नाहीत. पण त्या चिकटपट्टीवर कुणी ओलं फडकं फिरवायला गेलं की भाचेबुवाच ओरडतात.

चिकटपट्टी काय, कुणीही लावील. कूळ खरं की खोटं ते कळतं सीटच्या भोकावरून. नळी बाहेरून सगळ्यांची सारखीच, २८.६ मिलिमीटर. फरक आत. नळीचा पत्रा पातळ असेल तर भोक मोठं, म्हणजे २७.२ मिमीची सीटपोस्ट जाते. पत्रा जाड नि साधा असला की भोक आकसतं: २६.८, २६.४, कधी २५.४. दोन-दोन दशांशांच्या या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीची वेगळी सीटपोस्ट मिळते. भाचेबुवांनी पहिल्यांदा आत्याबाईंच्या गळ्यातून जुनी सीटपोस्ट उपसली तेव्हा तिच्याबरोबर पत्र्याची एक सुरळी बाहेर आली. शीतपेयाचा डबा कापून केलेली, छपाईची लाल रेघ अजून शाबूत. पोस्टवर कोरलेलं होतं २६.८. कुणीतरी, केव्हातरी, बारीक पोस्ट घालून वर डब्याचं पांघरूण दिलं होतं. फट भरली, पण पकड आली नाही. म्हणून मग बोल्ट आवळून आवळून भोकाच्या वरचे दोन्ही कान एकमेकांकडे वाकवले होते. आत्याबाईंनी हे निमूट सोसलं असं समजू नका. सीट दर चार-पाच किलोमीटरला बोटभर खाली बसत असणार.

भाचेबुवांनी नागदेवीहून व्हर्निअर आणला आणि भोक मोजलं. २७.२. कूळ खरं निघालं. मग पोस्टसाठी काळबादेवीपर्यंत फेरी झाली. एका काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "सत्तावीस आहे. जवळजवळ तेच. सत्तावीसचं भोक असतं तर आता लगेच दिली असती." भाचेबुवा हे बोलणं घेऊन बाभईतल्या मिस्त्रीकाकांकडे आले. काका तेव्हा पंक्चरच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होते. मान वर न करता म्हणाले, "आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं." त्या दिवसापासून नाव पडलं ते पडलं.

आता काकांविषयी दोन शब्द, कारण आत्याबाई त्यांच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. दुकान म्हणजे बोळाच्या तोंडाशी एक गाळा, एक कॉम्प्रेसर आणि छताला टांगलेले टायर. सगळी हयात दूधवाल्यांच्या आणि पाववाल्यांच्या सायकलींचा आउट काढण्यात गेली. मिलिमीटर त्यांना ठाऊक आहे, पण विश्वास सुतावर. आत्याबाई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा काकांनी त्यांना उलट्या केल्या, पायडलच्या दांड्याचं भोक बोटानं चाचपलं आणि म्हणाले, "ही आपल्यातलीच आहे."

म्हणाले ते खरं होतं. क्रँकचा दांडा ज्या आडव्या नळकांड्यातून जातो, त्याच्या आट्यांवरून फ्रेमचं नागरिकत्व ठरतं. इंग्रजी नळकांडं ६८ मिमी रुंद आणि उजव्या बाजूचे आटे उलटे. इटालियन ७० मिमी, आणि दोन्हीकडचे आटे सुलटे. जुन्या फ्रेंचांचं तिसरंच, तेही दोन्हीकडे सुलटं. आपल्याकडच्या काळ्या सायकली इंग्रजांच्या वळणाच्या, म्हणून काकांना उलट्या आट्यांचं नवल नव्हतं. भाचेबुवांना होतं. त्यांनी मोबाइलवर कुठल्याशा इटालियन सायकलचा व्हिडिओ बघितला, उजव्या कपाला मोठा पाना लावला आणि अंगाचं सगळं वजन टाकून डावीकडे रेटायला लागले. काका कटिंगचा ग्लास हातात धरून बघत होते. चहा संपला तेव्हा बोलले, "अरे, काढतोयस की आवळतोयस?"

उजवीकडचे आटे उलटे का, हा आत्याबाईंचा नखरा नव्हे. मुठीत पेन्सिल सैल धरा आणि तिचं वरचं टोक गोल फिरवा. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेनं वळत जाते. पायडल मारताना भार दांड्याभोवती असाच फिरतो आणि कपाला हळूहळू उलटा ढकलत राहतो. सुलट्या आट्यांचा उजवा कप त्यामुळे ढिला होऊ शकतो, उलट्या आट्यांचा होत नाही. इटालियनांना हे कळत नव्हतं थोडंच! ते कप जास्त आवळतात आणि बाकीचं देवावर सोडतात. गंमत म्हणजे इंग्रजी आटे पार खराब झाले तर नळकांडं जरा मोठं करून ३६ मिमीचे इटालियन आटे पाडता येतात. भाचेबुवांनी हे वाचून दाखवलं तेव्हा काकांनी आत्याबाईंच्या आट्यांतला गंज रॉकेलनं पुसला, बोट फिरवलं आणि निकाल दिला: अजून दोन पिढ्या निघतील. उतारवयात देश बदलायची वेळ आली नाही.

चाकांच्या बाबतीत आत्याबाईंनी सगळ्यांना फिरवलं. त्यांच्या तरुणपणी इंग्रज फ्रेमी २७ इंची चाकांवर धावायच्या. आज रस्त्यावरच्या शर्यती सायकलींना चाक येतं ७००सी, ज्याला युरोपात २८ म्हणतात. तर २७ इंची रिमचा टायर बसायचा व्यास ६३० मिमी, आणि या २८चा ६२२. म्हणजे सत्तावीस हे अठ्ठावीसपेक्षा मोठं. यावर कडी म्हणजे काकांच्या दुकानातलं २८, दूधवाल्याचं, २८ × १½, ते ६३५. भाचेबुवा एकदा घाईत "काका, अठ्ठावीसचा टायर द्या," म्हणून घेऊन गेले आणि घरी रिमवर टाकला तर तो हातात लोंबत राहिला. आता ते टायरच्या कडेवरचा बारीक आकडा वाचतात, २८-६२२ असा. पहिला रुंदीचा, दुसरा व्यासाचा. इंचांवर त्यांचा विश्वास उरला नाही. आत्याबाईंचा इंचांवर अजून आहे, पण ६२२ला त्या हो म्हणाल्या. अट एकच: रिम आता चार मिलिमीटर खाली गेली, तर ब्रेकनंही तेवढं वाकून यावं. आजकालच्या ब्रेकचे हात बहुतेक ३९ ते ४९ मिमीचे असतात; ते रबर टायरवरच टेकवून मोकळे होतात. ४७ ते ५७वाले शोधावे लागले, आणि त्यांचं रबर खाचेच्या अगदी तळाशी जाऊन रिमला भिडलं. एक मिलिमीटर जास्त लागला असता तर सगळं मुसळ केरात.

एवढ्यावरून तुम्ही म्हणाल, बाई भलत्याच ताठ आहेत. थांबा. सीटपोस्टला दोन दशांश मिलिमीटर न सोडणाऱ्या आत्याबाई एका ठिकाणी चक्क चार मिलिमीटर सोडतात. मागचं चाक ज्या दोन टोकांत अडकतं, त्यांतलं अंतर त्यांच्या काळी १२६ मिमी असे. सहा-सात चकत्यांच्या गिअरला तेवढं पुरत असे. आठपासून अकरापर्यंतच्या चकत्या मागणारं चाक १३० मिमीचं असतं. दोन्ही टोकांना दोन-दोन मिमी सरकायचं. अॅल्युमिनियमला किंवा कार्बनला असं सांगायला गेलात तर तडा जाईल. पोलाद सरकतं. लोकलमधल्या चौथ्या सीटचा हिशेब आहे हा: खिडकीपासून तिघं बसलेत, चौथा येऊन उभा राहतो, कुणी काही बोलत नाही, आणि सगळे दोन-दोन बोटं सरकतात. मध्य रेल्वेवाले म्हणतात, तुमच्या पश्चिमेला चौथी सीट द्यायची रीतच नाही. आत्याबाई इतकी वर्षं बोरीवलीत राहून ती देतात, हे नोंदवून ठेवावं.

पण सरकवायचं काम नाजूक. काकांनी दोन टोकांच्या मध्ये आटेवाली सळी घातली, आतून दोन नट लावले आणि पान्यानं पाव-पाव फेरा देत गेले. पोलाद मागे येतं, म्हणून १३०वर नेऊन भागत नाही. त्याच्या पुढे नेऊन सोडावं लागतं, मग ते १३०वर येऊन थांबतं. खरी भीती वेगळी. दोन्ही बाजू सारख्या न सरकता एकच सरकली तर चाक कायमचं तिरकं. त्यासाठी काकांनी पांढरा दोरा घेतला. मागच्या एका टोकापासून निघून पुढच्या हँडलच्या नळीला वळसा घालून परत दुसऱ्या टोकाला बांधला, ताणून. मग सीटच्या नळीपासून दोऱ्यापर्यंतची फट दोन्हीकडे मोजली. डावीकडे जास्त भरली. काकांनी सळी काढली, आत्याबाईंना आडव्या पाडल्या, डाव्या बाजूला गुडघा टेकवून श्वास रोखला आणि हलकेच दाबलं. पुन्हा दोरा, पुन्हा मोजमाप. या खेपेला दोन्हीकडे सारखं. भाचेबुवा तेवढा वेळ बोळात फेऱ्या मारत होते.

गिअरच्या भांडणात आत्याबाई पडत नाहीत. त्यांना फक्त चाकाची रुंदी कळते. आत चकत्या आठ की अकरा, ते पाहुण्यांनी आपसांत बघावं. आणि पाहुणे कसले, हाडवैरी. एक घराणं जपानच्या साकाईचं, शिमानो, १९२१चं. दुसरं इटलीच्या विचेंझाचं, कॅम्पाग्नोलो, १९३३चं. एकाची चकती दुसऱ्याच्या हबवर चढत नाही. पूर्वी खटका नसलेला साधा लिव्हर होता, कानानं आवाज ऐकत गिअर लावायचा, तेव्हा कुणाचंही कुणाशी जमून जायचं. १९८४च्या सुमारास शिमानोनं खटक्याचा लिव्हर आणला आणि सोयीबरोबर सोवळंही आलं. आता एका खटक्याला केबल किती ओढायची ते ठरलेलं, कारण चकत्यांमधलं अंतर ठरलेलं: आठाच्या गिअरला ४.८ मिमी, नवाच्या ४.३५, दहाच्या ३.९५. एकाच घरातली भावंडंही एकमेकांशी बोलत नाहीत. शिमानोच्या टियाग्रा ४७००वर दहाचाच आकडा आहे, पण त्याची केबल ओढायची रीत अकरावाल्यांची. आधीच्या दहावाल्यांशी त्याचं पटत नाही. भाचेबुवांनी हे सगळं रात्री जागून वहीत उतरवलं आणि शेवटी नवाचा संच एकाच घराण्याचा, एकाच पिढीचा घेतला. साखळीच्या कडीची लांबी तेवढी सगळ्यांची अजून अर्धा इंच आहे. भांडणाला रुंदी पुरते.

पुढच्या चकत्यांवरून मात्र घरात वाद झाला. जुन्या काळचा डौल म्हणजे ५२ आणि ४२ दात्यांच्या चकत्या. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढेल तो 'घाटाचा राजा'. त्या शर्यतीचे जुने फोटो भाचेबुवांनी बघितले होते आणि त्यांना तोच साज हवा होता. काका म्हणाले, घाटाचं सोड, तू आधी कान्हेरीच्या चढावर ये. नॅशनल पार्कच्या फाटकातून लेण्यांकडे जाणारा रस्ता शेवटी चांगलाच उभा होतो, आणि तिथे ४२वर २८ची चकती म्हणजे पायाच्या एका फेऱ्याला चाकाचे दीड फेरे. ५०–३४ घेतल्या तर तोच हिशेब सव्वाच्या खाली येतो. गुडघ्यांनी ३४च्या बाजूनं मत दिलं. क्रँकचा चौकोनी दांडा निवडतानाही पुन्हा तेच 'जवळजवळ' आडवं आलं: जपानी चौकोन आणि इटालियन चौकोन दिसायला सारखे, उताराचा कोन सारखा, पण टोकाची जाडी वेगळी, त्यामुळे इटालियन क्रँक जपानी दांड्यावर चार-साडेचार मिमी बाहेरच थांबते. फिरते, पण साखळी तिरकी धावते. घेतला तो ६८–११०चा जपानी दांडा, जपानी क्रँकसाठी.

आत्याबाईंना दोन गोष्टींची धास्ती. पहिली, ग्रिल-गेटवाला वेल्डर. पातळ नळीला त्याची ज्योत लागली की संपलंच, एस. व्ही. रोडवरून जाताना ठिणग्या दिसल्या तर भाचेबुवा वेग वाढवतात. दुसरी, पाऊस. गोराईच्या खाडीवरून येणारी खारट हवा आणि चार महिन्यांची ओल. अॅल्युमिनियमची सीटपोस्ट ग्रीसशिवाय पोलादी नळीत एक पावसाळा राहिली तर दोघं असे चिकटतात की मग करवत लागते. म्हणून मे महिन्यात भाचेबुवा पोस्ट उपसतात, पुसतात, ग्रीस लावतात. एवढा मानपान त्या घरात दुसऱ्या कुणाचा होत नाही, असं भाचेबुवांच्या आईचं म्हणणं आहे.

सहाव्या मजल्यावर अलीकडे कार्बनच्या एक बाई राहायला आल्यात. फ्रेमचं वजन किलोच्या आत, काळ्याभोर, केबली सगळ्या पोटात. लिफ्टमध्ये दोघींची गाठ पडली की आत्याबाई हँडल दुसरीकडे वळवतात. पण कार्बनबाईंच्या बेअरिंगांना आटे नाहीत, ती नुसती दाबून बसवलेली. आणि चढावर त्या कुईकुई करतात हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. दाबून बसवायचे प्रकार तरी किती निघाले: बीबी३०, पीएफ३०, बीबी८६. अखेर २०१५ साली टी४७ नावाचं नवं माप आलं. त्यात आटे आहेत. उजवीकडचे उलटे. भाचेबुवांनी ही बातमी गॅलरीत मोठ्यानं वाचली. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या रविवारी घोडबंदर रोडवर त्यांनी एकदाही साखळी टाकली नाही.

सध्या बोलणी चालू आहेत ती मडगार्डवरून. चाक लहान घेतल्यामुळे टायरच्या वर चार मिलिमीटर जास्तीची जागा मिळालीय, तेवढ्यात बसेल असा भाचेबुवांचा दावा आहे. फोर्कमध्ये परवानगी मिळाली. मागच्या ब्रेकच्या पुलाखाली अडलंय, सुतापेक्षा कमी. जून तोंडावर आलाय आणि काका कानस शोधतायत, मडगार्डला लावायला. आत्याबाईंना नव्हे.